शिवणी बाहेरच्या बाजूला

मास्तरांना वाटलं, बनियनमध्ये टाचणी राहिली आहे.

उभा जन्म शर्ट शिवण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? डाव्या कुशीत, बगलेच्या खाली, काहीतरी टोचत होतं. मधूनच चटका बसल्यासारखं होई. कातडी तर स्वच्छ होती. मास्तरांनी पडद्यामागे जाऊन बनियन काढला, उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. काही नाही. मग जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायचं चुंबक घेतलं आणि शर्टाच्या एकेका शिवणीवरून फिरवलं. चुंबकाला काही चिकटलं नाही.

"मोडून आत अडकली असणार," ते म्हणाले आणि शर्टाची बगल उसवायला बसले.

दुकानात दुसरं माणूस एकच. काजमावशी. काजं करायची, बटणं लावायची, लोंबणारे दोरे कापायचे आणि मास्तरांना ताळ्यावर ठेवायचं, ही त्यांची कामं. त्यातलं शेवटचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मास्तर, कालचा शर्ट वेगळा, आजचा वेगळा. टाचणी काय तुमच्या मागे चालत येते?"

"बनियन कालचाच आहे."

"मग तो धुवायला टाका. आणि टाचणीला म्हणावं, माहेरी जा."

दुसऱ्या दिवशी बनियन नवा होता, टोचणं जुनंच. मास्तरांनी घरच्या कपाटातले शर्ट एकामागून एक उसवले. बायको उसवलेल्या बाह्यांच्या घड्या घालत बघत राहिली. "आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच," ती म्हणाली. तिने कुशीला तेल चोळून दिलं. मास्तर कळवळले.

मग तिथे लाल ठिपके उठले. मास्तरांना उलट बरं वाटलं. टाचणी होती याचा पुरावाच मिळाला. ओरखडे आहेत, जातील, असं म्हणून त्यांनी त्यावर जखमेचं मलम लावलं आणि कामाला लागले. हा खुळेपणा शिंप्यालाच सुचावा. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

चार-पाच दिवसांनी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा बायकोने त्यांना दारातच थांबवलं. ठिपक्यांचे पाण्याने भरलेले फोड झाले होते. पाठीच्या कण्यापासून निघालेला पट्टा कुशीवरून वळून छातीच्या मध्यावर आला होता आणि तिथे नेमका थांबला होता. कोणी अर्ध्या छातीचं माप खडूने आखावं तसा. उजवी बाजू कोरी होती.

"अहो, ही टाचणी नाही," बायको म्हणाली. "नागीण आहे."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी मान डोलावली. पुरळ केव्हा उठलं, असं विचारलं. मास्तरांनी खरं ते सांगितलं. चुंबकाचंही सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर औषधाचा जास्त उपयोग झाला असता," ते म्हणाले. "आता देतो. बघू."

फोड सुकले. खपल्या पडल्या. कातडीवर फिकट डाग उरले. शेजारी-पाजारी म्हणाले, सुटलात. आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं.

टोचणं परवडलं असं ते होतं. आग होई. मध्येच विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाई. पण सगळ्यात वाईट होता स्पर्श. बोटाने जोरात दाबलं तर फारसं काही नाही. कपडा नुसता हलका घासला की जीव जाई. दुखण्याच्या साध्या गोळ्यांनी फरक पडेना. पंख्याचा वारा सोसवेना. चादर सोसवेना. शर्ट तर नाहीच नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरांच्या दुकानाला पाटी नव्हती. कधीच नव्हती. "माझ्या अंगावरचा शर्ट हीच पाटी," असं ते म्हणत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, कॉलर टोकदार, खांद्याची शिवण बरोबर हाडावर बसलेली. असा शर्ट घालून ते गिऱ्हाइकासमोर उभे राहत. लोक म्हणत, असाच हवा. शिंप्यानेच उघड्या अंगाने माप घ्यायचं, ही कल्पना त्यांना सोसेना. मग ते पडद्यामागे गेले.

शाळांच्या गणवेशाचे दिवस होते. दुकान पांढऱ्या कापडाने भरलेलं. मास्तर पडद्यामागे उघड्या अंगाने कापत आणि शिवत. मापं काजमावशी घेत. त्यांचा हात सुईवर बसलेला, टेपवर नव्हे. शिवाय त्यांचं एक तत्त्व होतं: मूल वाढतं, कपडा वाढत नाही. एका मुलीच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या. तिची आई भांडायला आली.

"शाळा संपेपर्यंत बरोबर होईल," काजमावशी म्हणाल्या.

"यंदाची शाळा की सगळी शाळा?"

पडद्यामागे मास्तर कळ सोसत होते आणि हसूही दाबत होते. हसलं तरी दुखायचं.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला होती. ती सुट्टी काढून आली. बापाला तिने कधी दुकानात उघडं बघितलं नव्हतं. ती पडद्याआड गेली.

"बाबा, पुरे आता. एवढे गणवेश उरका. शाळा सुरू झाल्या की मी येते, दुकान आवरून टाकू. माझ्याकडे चला."

मास्तरांनी वाद घातला नाही. याचीच बायकोला धास्ती वाटली. हा माणूस कॉलरच्या टोकावरून गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालणारा. "बरं," ते म्हणाले. "शर्ट घालता येत नसेल तर बसून तरी काय करायचं?"

पण मुलगी त्या आधी त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे नुसत्या दुखण्यासाठी वेगळा विभाग होता. मास्तर डाव्या हाताने शर्ट अंगापासून तंबूसारखा लांब धरून गाडीत बसले. तिथल्या डॉक्टरबाईंनी कापसाचा बोळा कातडीवरून हलकेच फिरवला. मास्तर खुर्चीतून उठलेच. बाईंनी वहीत काही लिहिलं. रात्री घ्यायची एक छोटी गोळी दिली. आधी थोडी, मग हळूहळू वाढवू, असं सांगितलं. बाहेर रांग होती. बाई दमलेल्या दिसत होत्या. भेट तेवढ्यात संपली.

औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मास्तर, घरी सगळं ठीक ना?"

"का?"

"नाही, ही गोळी मन खचलेल्या लोकांना देतात. म्हणून विचारलं. मनात काही ठेवू नका."

मास्तर घरी आले. डॉक्टरबाईंचा दमलेला चेहरा त्यांना आठवला. म्हणजे बाईंना वाटलं, म्हातारा कुढतोय. दुखणं कुशीत नाही, डोक्यात आहे. त्यांनी काही दिवस गोळी घेतली. तोंडाला कोरड पडली, सकाळी डोकं जड झालं, आग होती तशीच. मग त्यांनी ती सोडली. बायको गोळ्यांच्या पाकिटावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवी. म्हणून ते पाकीट सोबत नेत, रोज संध्याकाळी दुकानातच त्यातून एक गोळी काढत आणि हाताशी असेल त्या डब्यात टाकत. हाताशी नेहमी पांढऱ्या बटणांचा डबा असे.

एका दुपारी काजमावशींनी गणवेशाचा शर्ट मांडीवर घेतला, डब्यात हात घातला आणि थांबल्या.

"मास्तर, या बटणाला भोकं नाहीत."

पडद्यामागे मशीन थांबलं.

"फॅक्टरीतून तसंच आलं असेल," मास्तर म्हणाले.

"हे दुसरंही तसंच. हे तिसरं. या फॅक्टरीत भोकं पाडणारा रजेवर आहे वाटतं." काजमावशींनी एक जिभेला लावून बघितलं. "आणि कडू बटणं करतात."

मास्तरांनी मशीन पुन्हा चालू केलं.

"एखादं लावलं असतं मी. पोराच्या आईने शर्ट धुतला असता आणि बटण विरघळलं असतं. मग? मास्तर खडीसाखरेची बटणं लावतात, असं गावभर झालं असतं." त्या उठल्या आणि पडदा बाजूला केला. उघड्या अंगाने बसलेला म्हातारा माणूस. मशीनवर अर्धा शिवलेला चिमुकला शर्ट. त्यांचा आवाज जरा उतरला. "का नाही घेतली?"

मास्तरांनी औषधवाल्याचं सांगितलं. सांगताना त्यांची मान खाली होती.

"एवढंच? वेड लागलंय असं त्या डॉक्टरबाईंना वाटतं, तर तोंडावर विचारायचं. टाचणी शोधायला चुंबक फिरवलं, इथे तोंड फिरवलं." त्यांनी चपला घातल्या. "चला."

"आत्ता? शर्ट घालावा लागेल."

"धरा लांब. मी दुसरी बाजू धरते."

अशी ती वरात निघाली. मास्तरांनी शर्टाची पुढची बाजू धरली होती, काजमावशींनी पाठीमागची. रस्त्यातली माणसं वळून बघत होती. काजमावशी प्रत्येकाकडे उलट बघत होत्या.

इस्पितळात नंबर लागला तेव्हा काजमावशींनी सोबत आणलेला डबा डॉक्टरबाईंच्या टेबलावर उपडा केला. गोळ्या आणि बटणं एकत्र पसरली. बाईंनी एक बटण उचललं, बघितलं, बाजूला ठेवलं.

"हे तुमचं असावं," त्या म्हणाल्या. "आणि या माझ्या. काय झालं?"

मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला वाटतं का, मी ढोंग करतोय? मनानंच दुखवून घेतोय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं?"

"औषधवाल्यानं. तो म्हणाला, मन खचलेल्यांची गोळी आहे."

"त्यानं खोटं नाही सांगितलं. अर्धं सांगितलं. मी तर अर्धंही सांगितलं नाही. चूक माझी आहे." त्यांनी दाराबाहेरच्या मदतनिसाला थांबायची खूण केली. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. आम्ही सगळी भावंडं एका खोलीत खाजवत पडलो होतो."

"अंगावरच्या गेल्या. पण तो विषाणू गेला नाही. कण्याजवळ नसांच्या मुळाशी झोपून राहिला. वय वाढलं, अंगातली ताकद कमी झाली, की कधी कधी तो जागा होतो. एकच नस धरतो आणि तिच्यावरून कातडीपर्यंत येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठला. आणि म्हणून आधी टोचलं, मग दिसलं."

"म्हणजे टाचणी नव्हतीच," काजमावशी म्हणाल्या.

"टाचणी नव्हती. पण टोचणं खरं होतं. आता विषाणू परत गप्प झालाय. जाताना नस पोळून गेला. तुमच्या दाराला घंटा आहे?"

"घरी आहे."

"तिची तार खराब झाली की दारात कोणी नसताना ती वाजते. तुमचं तसं झालंय. कातडी बरी झाली, दारात कोणी नाही, तरी नस वाजते. कपडा नुसता लागला तरी तिला वाटतं, कोणी निखारा ठेवला. घंटा खरीच वाजते. तुम्हाला खरंच ऐकू येते. यात ढोंग कुठे आहे?"

मास्तरांनी डोळे पुसले. इतके दिवस त्यांनी लोकांना हे सांगितलं होतं आणि लोक स्वच्छ कातडीकडे बघून मान हलवत होते. आज कोणीतरी न बघता मानलं.

"साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी म्हणूनच फरक पडला नाही," बाई म्हणाल्या. "त्या दारातल्या माणसाला गप्प करतात. तारेचं औषध वेगळं. ही गोळी मोठ्या प्रमाणात मन खचलेल्यांना देतात, बरोबर आहे. अगदी थोड्या प्रमाणात ती नसेचा गोंगाट कमी करते. औषध एक, कामं दोन."

मास्तर म्हणाले, "कात्री एकच असते. तिनं झबलंही कापतो आणि कोटही."

"झालं तर. मला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं." बाई हसल्या. "दोन-चार दिवसांत गुण येत नाही. आठवडे लागतात. तोंडाला कोरड पडेल, झोप येईल. जास्त त्रास झाला तर मला सांगायचं. बटणांच्या डब्याला नाही. आणि मनानं बंद करायची नाही. दिवसा लावायला बधिर करणारी पट्टी देते."

"पूर्ण जाईल?"

"बहुतेकांचं कमी होतं. पूर्ण जाईल असं वचन नाही देत. शर्ट घालता येईल इथपर्यंत नेऊ, असं म्हणते." मास्तर उठताना त्या पुढे म्हणाल्या, "आणि तो शर्ट असा लांब धरू नका. सैल कपडा हलतो, घासतो. पुष्कळांना अंगाला चिकटून बसणारा मऊ कपडा जास्त सोसतो."

परतीच्या वाटेवर मास्तर बोलले नाहीत. काजमावशींना वाटलं, दमले. ते दमलेले नव्हते. ते मनात कापड बेतत होते.

बायकोने धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली एक जुनी चादर काढून दिली. मास्तरांनी ती पडद्यामागे अंथरली. डावी बाजू एका तुकड्यात कापली. पाठ, कूस, छाती, सगळं एकसंध, मध्ये शिवण नाही. जोड उजव्या कुशीला घेतला. बटणपट्टीही मध्यापासून उजवीकडे सरकवली. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला काढल्या, म्हणजे आत नुसतं सपाट कापड. खिसा उजवीकडे लावला.

"खिसा उजवीकडे?" काजमावशी म्हणाल्या. "लोक म्हणतील, मास्तरांना डावं-उजवं कळेना."

"म्हणू देत. तुम्ही काज करा."

"उलट्या शर्टाला सुलट काज. हेही करून झालं आयुष्यात."

पहिला शर्ट त्यांनी घातला आणि लगेच काढला. बगल ओढत होती. दुसरा जेवणापर्यंत टिकला. गोळी रोज चालू होती. सकाळचं जडपण हळूहळू उतरलं. बाईंनी मात्रा थोडी वाढवली. आग एकदम गेली नाही. सुतासुताने मागे सरली. एक दिवस बायकोच्या लक्षात आलं, की टॉवेलने अंग पुसताना हे तोंड वाकडं करत नाहीत. तिने काही विचारलं नाही. विचारलं आणि दृष्ट लागली तर? दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच म्हणाले, "टॉवेल किती मऊ असतो गं." एवढा जुना संसार, पण नवऱ्याने टॉवेलचं कौतुक केलेलं तिने पहिल्यांदा ऐकलं. तिला स्वयंपाकघरात जाऊन रडावं लागलं.

आणि खरंच, त्या दिवसांत मास्तरांना कशाकशाचं अप्रूप वाटेल याचा नेम नसे. चादर अंगावर ओढता येते याचं. पंख्याखाली बसता येतं याचं. गर्दीत कोणाचं तरी कोपर लागलं आणि नुसतं कोपरच लागलं, याचं. औषधवाल्याला त्यांनी एकदा थांबवून सांगितलं, "तुम्ही बोललात म्हणून मी विचारलं. नाहीतर न विचारताच राहिलो असतो." औषधवाला ओशाळला. तो म्हणाला, "आता मी पुढचं अर्धंही विचारून घेतो."

एका सकाळी गणवेशाची एक बाही मास्तरांना कमीजास्त वाटली. ते दाराशी आले, उजेडात बाही ताणली, डोळा बारीक करून शिवण बघितली. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं. मास्तरांनी त्याला बसायला सांगितलं, गळ्यातला टेप काढला, छातीचं माप घेतलं, गळ्याचं घेतलं.

काजमावशी सुई हवेत धरून बघत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पडद्याच्या बाहेर आहात."

मास्तरांनी स्वतःकडे बघितलं. शर्ट अंगावर होता. डाव्या कुशीत बारीक आग होती, असायची तशी. ती आहे हे त्यांना आत्ता आठवलं.

"हो की," ते म्हणाले, आणि बाकावर बसले.

शाळा सुरू झाल्या. ठरल्याप्रमाणे मुलगी आली. गाडीतून रिकामी खोकी आणली होती, दोरी आणली होती. ती दारात पोचली तेव्हा मास्तर एका शिक्षकाच्या खांद्याचं माप घेत होते.

"मास्तर, रागावू नका," शिक्षक म्हणत होता, "पण तुमचा शर्ट उलटा आहे."

"उलटा नाही. असाच शिवलाय." आणि मास्तरांनी त्याला नागिणीचं सांगितलं. उभ्या उभ्या, टेप हातात धरून. नस, घंटा, गोळी, सगळं. चुंबकाचंही सांगितलं. तेव्हा काजमावशी म्हणाल्या, तेवढं सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

शिक्षक हसला नाही. "माझ्या आईला झाली होती," तो म्हणाला. "वर्ष होत आलं. अंगावर कपडा ठेवत नाही. आम्हाला वाटायचं, वय झालं, हट्टी झाली. घरात कोणी आलं की आम्ही तिच्या खोलीचं दार लावून घेतो."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"फोड होते तेव्हा दाखवलं. नंतर नाही. बरं झालं ना, म्हणून."

"बरं नाही झालं. त्या खोटं बोलत नाहीत." मास्तरांनी इस्पितळाचं नाव आणि डॉक्टरबाईंच्या विभागाचा मजला सांगितला. दोनदा सांगितला. "आधी तिथे न्या. शर्ट हे औषध नव्हे. पण औषध लागू पडेपर्यंत अंगावर काहीतरी हवं. त्यांना इथे नका आणू, रस्ता सोसणार नाही. मीच येतो. टेप लावणार नाही, नुसतं बघून बेतेन. कुठल्या बाजूला आहे?"

शिक्षक गोंधळला. "विचारलं नाही कधी," तो म्हणाला.

"विचारू. तेही विचारू."

मास्तर आत गेले कात्री शोधायला. मुलगी अजून दारातच उभी होती. तिने बापाची पाठ बघितली. शिवणी वर आलेल्या, टीप मात्र एकसारखी, कुठेही वाकडी नाही. काजमावशींनी तिच्याकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, आणि पुन्हा बटण लावायला घेतलं.

मुलीने एक खोकं उचललं. त्यात तिने चादरीचा उरलेला मऊ तुकडा ठेवला, खडू ठेवला. मास्तर कात्री घेऊन आले तेव्हा तिने ती त्यांच्या हातातून घेतली आणि तीही ठेवली.

"चला बाबा," ती म्हणाली. "गाडी दारातच आहे. सरांच्या घरी मी सोडते."